प्रकल्प नोंदी: चौदा मजले, चार ऋतू आणि कागदाची एक पट्टी

१८ एप्रिल

तक्रारवही उघडून बसले होते. मागच्या वर्षभरातल्या हवेच्या तक्रारी तारखेप्रमाणे लावल्या. उन्हाळ्यात वरच्या मजल्यांवर गरम झळा, पावसाळ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या दप्तरखान्यात कुबट वास, हिवाळ्यात तळमजल्यावरची लिफ्टची दारं मिटत नाहीत. दरवेळी ज्या मजल्याची तक्रार, तिथलाच डॅम्पर (हवेच्या वाटेतली फिरती झडप) कुणीतरी फिरवून येतं. मला वाटतं, या तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. इमारतीत हवा शिरते कुठून आणि बाहेर पडते कुठून, हे आम्ही कधी पाहिलेलंच नाही. म्हणून ही वही. वर्षभर लिहायचं.

सुरुवात सगळ्यात साध्या साधनाने केली. टिश्यू पेपरची बोटभर रुंद, वीतभर लांब पट्टी. सगळे एएचयू (हवा गाळून, थंड करून मजल्यांवर सोडणारी यंत्रं) दहा मिनिटं थांबवले आणि प्रत्येक मजल्यावर जिन्याचं दार दोन बोटं उघडं ठेवून फटीसमोर पट्टी धरली. रात्रपाळीचे काका सोबत होते. चौदाव्यावर पट्टी जिन्याकडे ओढली जात होती, तळमजल्यावर जिन्यातून बाहेर, आमच्या अंगावर. बाहेर ३८ अंश, आत २४. आतली थंड हवा जड, ती जिन्यातून आणि लिफ्टच्या विहिरीतून खाली उतरते, मुख्य दारातून बाहेर पडते आणि तिच्या जागी वरच्या फटींतून गरम हवा आत ओढली जाते. वरच्या मजल्यांवरच्या झळा त्या ह्याच.

हिशोब करून पाहिला. दाबातला फरक पास्कलमध्ये काढायचा तर ३४६० गुणिले उंची गुणिले दोन्ही तापमानांच्या व्यस्तांचा फरक, तापमान केल्व्हिनमध्ये घ्यायचं. इमारत ५० मीटर, म्हणजे तळापासून माथ्यापर्यंत साधारण २६ पास्कल. आकडा लहान दिसतो. पण १ पास्कल म्हणजे चौरस मीटरला १ न्यूटन, आणि आत-बाहेर तापमानाचा फरक असेपर्यंत हा दाब फटींवर काम करत राहतो.

एक गोष्ट मात्र जुळली नाही. वर आणि खाली फटी सारख्या असतील तर मधल्या कुठल्यातरी मजल्यावर, सहाव्या-सातव्याला, पट्टी सरळ लोंबायला हवी. ती सरळ लोंबली नवव्यावर. ही समपातळी जिथे भोक मोठं त्या बाजूला सरकते. म्हणजे वर कुठेतरी मोठी वाट मोकळी आहे. तेराव्या आणि चौदाव्याच्या सगळ्या खिडक्या तपासल्या, सगळ्या घट्ट. प्रश्न तसाच ठेवते.

२ मे

आजचा दिवस एएचयूच्या खोल्यांत गेला. सात एएचयू, एकेका एएचयूकडे दोन मजले. बीएमएसच्या (इमारतीची यंत्रं चालवणाऱ्या संगणकाच्या) पडद्यावर सातही फ्रेश एअर डॅम्पर, म्हणजे बाहेरची ताजी हवा आत घेणारे, २० टक्के उघडे. पडद्यावर आकडे एका रांगेत असले की मन निश्चिंत होतं, म्हणूनच प्रत्यक्ष जाऊन पाहायचं ठरवलं होतं.

तीन नंबरच्या एएचयूवर काकांनी टॉर्च धरला. डॅम्परच्या दांड्याच्या टोकाला एक आडवी खाच असते. पाती ज्या दिशेला, खाच त्या दिशेला. मोटर २० टक्के फिरलेली होती, खाच मात्र जवळजवळ बंद स्थितीत. क्लॅम्पचा स्क्रू सैल पडलेला. मोटर फिरते, क्लॅम्प दांड्यावरून घसरतो, पाती जागची हलत नाही, आणि पडद्याला यातलं काही कळत नाही, कारण पडद्यावर मोटरची जागा दिसते, पात्याची नाही. क्लॅम्पच्या आतून धातूचा बारीक चुरा निघाला. हे बरेच महिने चाललेलं असणार. त्या दोन मजल्यांवरची माणसं दुपारी डोकं जड होतं म्हणायची आणि आम्ही तापमान एक अंशाने कमी करून द्यायचो. त्याचं मला वाईट वाटलं.

स्क्रू आवळला. मग सातही डॅम्पर हाताने पूर्ण बंद, पूर्ण उघडे असे फिरवले आणि दोन्ही जागी दांड्यावर आणि चौकटीवर पांढऱ्या रंगाची रेघ ओढली. आता खोलीत शिरणाऱ्या कुणालाही टॉर्च न मारताही दिसेल. पाच नंबरचा डॅम्पर पूर्ण मिटतच नव्हता. खालच्या पात्याचं रबर गळून पडलं होतं. नवीन रबर मागवलं.

९ मे

फ्रेश एअर नेमकी किती हवी याचा कागद तयार केला. अ‍ॅश्रेच्या ६२.१ मानकाप्रमाणे (वातानुकूलन अभियंत्यांच्या अमेरिकी संस्थेचं मानक) कार्यालयासाठी माणशी सेकंदाला २.५ लिटर आणि त्याशिवाय दर चौरस मीटरला ०.३ लिटर. माणसाचा श्वास आणि घाम एकीकडे, फर्निचर, गालिचे, रंग यांतून निघणारे वायू दुसरीकडे, म्हणून दोन भाग. आमचा मजला ९०० चौरस मीटरचा, माणसं ५०. म्हणजे १२५ अधिक २७०, ३९५ लिटर. दोन मजल्यांना ७९०.

डक्टमध्ये (हवा वाहून नेणाऱ्या पत्र्याच्या नळीत) भोकं पाडून आडवी-उभी मोजमापं घेतली. तीन नंबरला क्लॅम्प आवळल्यावरही ५१० लिटरच मिळाले. याचा अर्थ मुळातली २० टक्क्यांची सेटिंगच कमी होती. पात्याचा कोन आणि हवेचं प्रमाण सरळ रेषेत वाढत नाही. २० टक्के उघडं म्हणजे २० टक्के हवा असं कुणीतरी धरून चाललं होतं. मोजत मोजत २७ टक्क्यांवर आणलं तेव्हा ७९० आले. बाकीच्या सहांचेही आकडे असेच मोजून लावले, आणि प्रत्येकाचा वेगळा आला.

कार्बन डायऑक्साइडचे मीटर आधी गच्चीवर मोकळ्या हवेत अर्धा तास ठेवले. तिथे ४२० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भागांच्या) आसपास दाखवत नसतील तर आतल्या आकड्याला अर्थ नाही. दोन मीटर ५०० च्या वर दाखवत होते, ते बाजूला काढले. पाचव्या मजल्यावर परवा संध्याकाळी १३०० होते, आज १०२०. मॅक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्ये १००० ची मर्यादा सुचवली तेव्हाही त्यांचा रोख विषारीपणावर नव्हता. खोलीतली हवा माणसांनी किती वापरून झाली आहे, याची ती खूण होती. मीही आकड्याकडे तसंच पाहते.

२३ मे

फिल्टर. पाच ठिकाणी फिल्टरच्या अलीकडे-पलीकडे दाबातला फरक ११० ते १८० पास्कल, एका ठिकाणी २६०, म्हणजे धुळीने तुंबलेले. ते बदलले. मला जास्त काळजी चार नंबरची वाटली. तिथे फक्त ४० पास्कल. वहीत आजवर त्याच्यापुढे 'उत्तम' असा शेरा. दार उघडलं तर फिल्टरच्या चौकटीची एक बाजू बोटभर सुटलेली आणि मागच्या कॉइलवर (हवा थंड करणाऱ्या नळ्यांवर) त्याच रेषेत धुळीचा काळा पट्टा. हवा फिल्टरला वळसा घालून जात होती. क्लिपा बदलल्या, गास्केट लावलं, आकडा १०५ वर आला.

११ जून

पावसाळा. पहाटे साडेपाचला काकांचा फोन: "मॅडम, दप्तरखान्यात ग्रिल गळतंय."

मी पोचले तेव्हा कपाटांवर प्लास्टिक टाकून झालं होतं. छताच्या ग्रिलच्या कडेला थेंब जमत होते, पाच-सहा एकत्र आले की एक खाली पडायचा. पाइप कुठे फुटलेला नव्हता. हे पाणी हवेतलं होतं. खोलीची आर्द्रता ७० टक्के, तापमान २५, म्हणजे दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं) १९ अंशांच्या आसपास. ग्रिलचा पत्रा १५ वर.

मग बीएमएसवर रात्रीचा आलेख काढला. रात्री अकराला पाऊस आला, बाहेरचं तापमान २४ वर उतरलं. आतून परतणारी हवा २५. यंत्रणेने पाहिलं, बाहेर आतल्यापेक्षा गार आहे, फ्री कूलिंग, म्हणजे बाहेरच्याच हवेने थंडावा, सुरू करू या. सातही डॅम्पर उघडले. तिला जे सांगून ठेवलं होतं तेच तिने केलं. कारण आम्ही तिला फक्त तापमान पाहायला सांगितलं होतं.

हा हिशोब इथे सविस्तर लिहून ठेवते, कारण पुढच्या माणसाला तो लागेल. बाहेर २४ अंश आणि ९० टक्के आर्द्रता: किलोभर हवेत साधारण १७ ग्रॅम पाण्याची वाफ, एकूण उष्णता ६७ किलोज्यूल. आतली परतीची हवा २५ अंश आणि ५५ टक्के: ११ ग्रॅम, ५३ किलोज्यूल. थर्मामीटरला बाहेरची हवा एका अंशाने गार, पण कॉइलला ती कितीतरी जड. सेकंदाला ३००० लिटर जादा बाहेरची हवा घेतली तर तासाला पाऊणशे लिटरच्या आसपास जादा पाणी इमारतीत येतं, आणि एवढी हवा एकेका एएचयूने घेतली होती. कॉइलला ते सगळं काढता आलं नाही. उरलेलं कागदाने, गालिच्याने, छताच्या फळ्यांनी शोषून घेतलं.

आज सकाळी एका फाइलचं पान हातात घेतलं तर ते कडक वाजत नव्हतं, मऊ कापडासारखं लागत होतं. विलिस कॅरियर यांनी १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या छापखान्यासाठी जी यंत्रणा आखली, तिचं मूळ काम हेच होतं. दमट हवेत कागद फुगायचा आणि एकावर एक छापायचे रंग जागेवर बसायचे नाहीत. ज्याला आपण आज थंडाव्याचं यंत्र म्हणतो ते सुरुवातीला हवेतलं पाणी काढायला आलं.

बदल: गच्चीवर आर्द्रतेचा सेन्सर बसवला, पावसाची झड आणि ऊन लागणार नाही अशा छपराखाली. बाहेरचा दवबिंदू १३ अंशांच्या वर गेला की फ्री कूलिंग बंद आणि डॅम्पर आपापल्या किमान जागेवर, मग तापमान काहीही असो. दप्तरखान्यासाठी आर्द्रता ५० टक्के, पाच वर-खाली. कागद सुकवताना घाई नको, तीन दिवसांत हळूहळू उतरवायचं.

२० जून

कुबट वास कमी झाला, गेला नाही. विशेषतः सोमवारी सकाळी, म्हणजे दोन दिवस एएचयू बंद राहिल्यावर.

रविवारी रात्री नऊला आले. इमारत शांत होती, फक्त स्वच्छतागृहांच्या एक्झॉस्ट पंख्यांची घरघर. ते चोवीस तास चालतात, कारण कधीतरी दुर्गंधीची तक्रार आली आणि कुणीतरी टायमर काढून टाकला. मुख्य दाराच्या फटीशी पट्टी धरली तर ती आत ओढली गेली. मीटरवर आतला दाब बाहेरच्यापेक्षा ९ पास्कलने कमी. पंखे हवा बाहेर फेकतात आणि तेवढीच हवा कुठूनतरी आत येणार. भिंतीच्या सांध्यांतून, केबलच्या नळ्यांतून, खिडक्यांच्या चौकटींमागून पावसाळी हवा रात्रभर आत येत होती आणि दिवसभर गार राहिलेल्या भिंतींना लागून ओली होत होती.

दुसऱ्या मजल्यावरच्या बाहेरच्या भिंतीवरचा व्हिनाइलचा कागद एका कोपऱ्यात सोलून पाहिला. मागे काळे ठिपके, प्लास्टर बोटाला ओलं. व्हिनाइलमधून वाफ आरपार जात नाही, त्यामुळे पाणी तिथेच अडकलं. ती पूर्ण भिंत सोलून सुकवायची आणि वाफ जाऊ देणारा रंग द्यायचा, असं ठरवलं.

पंखे एएचयूसोबतच सुरू-बंद होतील असं जोडलं. सफाईच्या ताईंचं म्हणणं रास्त होतं: "पहाटे आम्ही येतो तेव्हा वास कोंडलेला असतो, त्याचं काय?" त्या साडेपाचला येतात. म्हणून एएचयू आणि पंखे दोन्ही पाचला सुरू. दिवसा फ्रेश एअर एक्झॉस्टपेक्षा थोडी जास्त ठेवून आतला दाब ३ ते ५ पास्कल अधिक. हवा आतून बाहेर जाऊ दे, ती आमची सुकवलेली आहे.

४ जुलै

सहा नंबरच्या ड्रेन ट्रेमध्ये पाणी उभं. नळी साफ, तरी उतरत नाही. पंखा बंद केला की भसकन उतरतं. कारण ट्रे पंख्याच्या ओढीच्या बाजूला आहे, तिथली ओढ ६०० पास्कल, म्हणजे पाण्याच्या साधारण ६१ मिलिमीटर स्तंभाएवढी. ट्रॅप (नळीतला पाणी धरून ठेवणारा वाक) ४० मिलिमीटरचा. पाण्याच्या वजनापेक्षा ओढ जास्त, मग पाणी उतरणार कसं? खोल ट्रॅप बसवला. सातही मोजले, तीन बदलावे लागले. उभ्या पाण्यावर शेवाळी थर येतो आणि त्यावरून गेलेली हवा माणसांच्या नाकापर्यंत पोचते, त्यामुळे हे काम मी पुढच्या आठवड्यावर ढकललं नाही.

१२ ऑगस्ट

दप्तरखाना ४८ ते ५३ टक्क्यांमध्ये, सलग पाच आठवडे. पान पुन्हा वाजतं.

१० ऑक्टोबर

बाहेरची हवा कोरडी झाली. सकाळचा दवबिंदू ११, फ्री कूलिंग आपणहून सुरू झालं, चिलर (कॉइलसाठी पाणी थंड करणारं यंत्र) दहा वाजेपर्यंत बंद. भार कमी असल्याने पंखेही ७० टक्के वेगावर. पंख्याला लागणारी वीज वेगाच्या घनाप्रमाणे बदलते, म्हणजे कागदावर ३४ टक्के. प्रत्यक्षात बचत थोडी कमी, कारण डक्टमधला दाब एका पातळीवर राखावा लागतो.

दुपारी ऊन वाढलं, फ्री कूलिंग थांबलं, डॅम्पर किमान जागेवर आले. पंखा मात्र ७० वरच. तेव्हा तीन नंबरला फ्रेश एअर मोजली: ५५० लिटर. मे महिन्यात आम्ही ७९० लावले होते ते पूर्ण वेगावर. पंखा हळू झाला की त्याच डॅम्परमधून हवाही कमी येते. वीज वाचल्याच्या आनंदात पाचवा मजला पुन्हा ११५० वर गेला होता. आता वेगाप्रमाणे डॅम्परची किमान जागा बदलते: पूर्ण वेगाला २७, ७० टक्क्यांना ३९. मधल्या तीन वेगांना मोजून आकडे लावले. याला दोन दिवस लागले, प्रत्येक एएचयूला वेगळे.

६ नोव्हेंबर

संध्याकाळी सात. बाहेर २४, आत २४. एएचयू थांबवून काकांबरोबर चौदा मजले चढले-उतरले. पट्टी कुठेच हलली नाही. तळाला सरळ, नवव्याला सरळ, चौदाव्यालाही सरळ. काका म्हणाले, "आज बिल्डिंग श्वास घेत नाही." मी थोडा वेळ जिन्यात तशीच उभी राहिले. एप्रिलपासून जी हवा खाली उतरत होती ती थांबली होती, आणि काही दिवसांत वर चढायला लागणार होती.

१४ डिसेंबर

बाहेर ८ अंश. सकाळी पावणेआठला तळमजल्यावरची लिफ्ट: दार मिटायला येतं, चार बोटं राहतं, थरथरतं, पुन्हा उघडतं. फटीतून शीळ. दारावरचे सुरक्षारक्षक मफलर गुंडाळून खांबाच्या आडोशाला बसलेले. ते म्हणाले, लॉबीतला हीटर वाढवा. लॉबीत थोडा वेळ बरं वाटेल, पण आतली हवा जितकी गरम तितकी ती जोरात वर जाणार आणि दारातून तितकीच गार हवा आत येणार. त्यांना हे समजावून सांगितलं आणि आज संध्याकाळपर्यंत काहीतरी करते असं म्हटलं.

हिशोबाने तळ-माथा फरक ३३ पास्कल. निम्मा वर, निम्मा खाली वाटला गेला तर दारावर १६ च्या आसपास यायला हवेत. मोजले तर २७. पुन्हा तेच, समपातळी वर सरकलेली. एप्रिलचा प्रश्न.

या वेळी खिडक्या सोडून थेट माथ्यावर गेले. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर गच्चीचं दार, आणि दाराला एक वीट लावलेली. विटेच्या कडा घासून गोल झालेल्या, जमिनीवर तिच्या आकाराचा फिका डाग. उन्हाळ्यात टाकी तपासायला वरचेवर जावं लागतं, दार बाहेरून उघडत नाही, म्हणून कुणीतरी सोयीसाठी ठेवली असेल, आणि एप्रिलमध्येही ती तिथेच असणार. जिन्याच्या दारांवर पट्टी धरत मी चौदाव्यापर्यंत गेले होते. वरचा एक मजला चढले नाही.

वीट काढून दार मिटलं. काका तळमजल्यावर मीटर घेऊन उभे होते, फोनवर आकडा सांगत होते: सत्तावीस, बावीस, एकोणीस. मग लिफ्टच्या यंत्रखोलीत गेले. विहिरीच्या माथ्यावर दोन फूट बाय दोन फूट भोक, जाळी लावलेलं, कायम उघडं. हे मात्र हाताने बंद करायचं नाही. आग लागल्यास धूर बाहेर जायला ते असतं. अग्निसुरक्षेच्या अभियंत्यांना बोलावून तिथे मोटरचा डॅम्पर घेतला: एरवी बंद, आगीची सूचना आली किंवा वीज गेली की आपोआप उघडा. तो बसेपर्यंत भोक उघडंच राहील. गच्चीच्या दाराला दोन्ही बाजूंनी उघडणारं कुलूप आणि आपोआप मिटणारा क्लोजर मागवला, म्हणजे विटेची गरजच पडणार नाही.

संध्याकाळपर्यंत लिफ्टचं दार दहापैकी आठ वेळा मिटलं.

९ जानेवारी

विहिरीचा डॅम्पर बसला, आगीच्या सूचनेवर तीनदा उघडून पाहिला. तळमजल्यावर १५ पास्कल. लिफ्ट आठवडाभर अडली नाही.

मुख्य दाराचं काम उरलं आहे. थिओफिलस व्हॅन कॅनेल यांनी फिरत्या दाराचं पेटंट १८८८ मध्ये घेतलं. तिथे माणूस आत येतो पण हवेला सरळ वाट कधीच मिळत नाही. आमच्या लॉबीला त्याला जागा नाही आणि चाकाच्या खुर्चीसाठी बाजूला वेगळं दार लागलंच असतं. त्याऐवजी दोन दारांची मधली खोली: दारांमध्ये इतकं अंतर की चालत येणाऱ्याच्या मागचं दार मिटल्यावरच पुढचं उघडेल. नकाशा दिला आहे. रक्षकांची खुर्ची तोवर दुसऱ्या बाजूला हलवली, तिथे पट्टी जवळजवळ हलत नाही.

१७ मार्च

दुपारी बाहेर ३१. पट्टी पुन्हा उलटली, तळाला बाहेरच्या दिशेने. गच्चीच्या दारापर्यंत चढून आले. दार मिटलेलं, वीट नाही. पट्टी सरळ लोंबली ती सातव्या मजल्यावर. वहीत एप्रिलच्या नोंदीशेजारी तारीख लिहिली. डॅम्परवरच्या पांढऱ्या रेघा फिक्या झाल्यात, उद्या काकांबरोबर पुन्हा ओढायच्या.